थेंबाचा मुक्काम

डोळ्यांत औषध घालणे घरोघरी ठाऊक आहे. त्या औषधाचे पुढे काय होते, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. बाटलीतून पडणारा थेंब सुमारे 40 मायक्रोलिटरचा असतो आणि पापण्यांच्या आत फार तर 30 मायक्रोलिटर मावतात. उरलेले गालावर ओघळते. जे आत राहते, तेही पापणीच्या उघडझापीबरोबर काही मिनिटांत अश्रुनलिकेवाटे नाकात उतरते. शंभरातले पाच भागदेखील डोळ्याच्या आत क्वचितच पोचतात. गिरणीच्या एखाद्या खात्यात इतका माल वाया गेला असता, तर मालकाने आम्हांस धारेवर धरले असते!

काचबिंदूच्या रोग्याला ही गळती फार महाग पडते. या रोगात दृष्टीची शीर हळूहळू मरते आणि गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यातला दाब उतरविणारे पिलोकार्पिन 1875 साली सापडले व पुढे शंभर वर्षे चालले. पण ते दिवसातून चार वेळा घालावे लागे, शिवाय बाहुली आक्रसून अंधुक दिसे. यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाने दुपारचा थेंब घालावा कधी? औषध चुकविणारा रोगी बेफिकीरच असतो, हे आम्ही मानीत नाही. त्या औषधाचे वेळापत्रक त्याच्या पाळीशी जुळत नसते.

1974 साली अमेरिकेत पापणीखाली ठेवायची पिलोकार्पिनची चकती निघाली. ती सात दिवस पुरे. कल्पना नामी होती. परंतु चकती निसटे आणि वृद्धांच्या थरथरत्या हातांना ती बसविता येत नसे. 1978 साली तेथे टिमोलॉलला परवानगी मिळाली, आणि चार वेळांच्या दोन झाल्या.

मग प्रश्न उरला तो असा, की पडताना पाणी असलेला थेंब आत गेल्यावर थिजेल काय? पोलोक्झामर शरीराच्या उष्णतेने थिजतो, पण त्याचे प्रमाण शेकडा 20 च्या आसपास न्यावे लागते. उपाय निघाला तो अगदी भलतीकडून. एलोडिया या पाणवनस्पतीशी संबंधित एक जिवाणू जेलन नावाचा डिंक स्रवतो. प्रयोगशाळेत आगरऐवजी वापरायचा हा पदार्थ! अश्रूंतील सोडियम लागताच त्याच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात व खळ तयार होते. त्याला शेकडा एक भागही लागत नाही. डोळ्याचे स्वतःचे खारे पाणीच येथे कामाला लावले, हे आम्हांस विशेष वाटते. फ्रान्समध्ये रोझिए व सहकाऱ्यांनी सशांवर केलेले प्रयोग 1989 साली प्रसिद्ध झाले, आणि 1993 साली अमेरिकेत दिवसातून एकदाच घालायचे टिमोलॉल आले.

बाटली उलटी करून एकदा हलवावी लागते, दुसरे औषध निदान दहा मिनिटे आधी घालावे लागते, आणि नजर थोडा वेळ धूसर होते. टिमोलॉल थोडेफार रक्तात उतरतेच. म्हणून दमेकऱ्याला ते वर्ज्य आहे, साधा थेंब असो वा थिजणारा.