नानांच्या मागचं विमान

आमच्या आल्बममध्ये पत्त्याएवढा एक फोटो आहे. नाना, म्हणजे माझे आजोबा, धोतर-कोट-काळी टोपी अशा थाटात ताठ उभे, आणि मागे विमान. "टाटांचं पहिलं टपालाचं विमान जुहूला उतरलं, तेव्हाचा," हे आत्या मला कळायला लागल्यापासून सांगतेय. पार्ल्याहून चालत गेले होते म्हणे, चिखलामुळे चपला हातात घेऊन.

परवा स्कॅन करण्यासाठी फोटो कोपऱ्यांतून सोडवला आणि भिंग लावलं. पंख दोन मजली! वर एक, खाली एक, मध्ये काठ्या नि तारा. घोटाळा इथेच झाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणलं ते पस मॉथ विमानातून. त्याला पंखांची एकच जोडी, छताच्या उंचीवर, आणि बसायची जागा काचबंद. वाटेत अहमदाबादला त्याचं पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीने आलं होतं. (हवाई टपालाला बैलांचा हातभार, हे मला फार आवडतं.) जुहूहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल टाटांच्या सहकाऱ्याने, नेव्हिल व्हिन्सेंटने नेलं.

आमच्या फोटोतला वैमानिक मात्र उघड्यावर बसलाय, चामडी टोपी नि गॉगल लावून. म्हणजे हे बहुधा बॉम्बे फ्लाइंग क्लबचं शिकवणीचं विमान. क्लब १९२८ चा, जे. आर. डी. तिथेच शिकले आणि १९२९ मध्ये देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना त्यांना मिळाला. विमानाच्या अंगावर 'व्हीटी' ही नोंदणीची अक्षरं आहेत, तीही १९२९ पासूनची. लहानपणी मला वाटायचं, हे व्हीटी स्टेशनला, म्हणजे बोरीबंदरला जातं.

चिखलाचं मात्र खरं. जुहूचा तळ म्हणजे खाजणाची जमीन. पावसाळ्यात तो निकामी व्हायचा, तेव्हा टाटांची विमानं पुण्याला येरवड्यात उतरायची.

आत्याला हे सगळं सांगितलं. तिने भिंगाकडे पाहिलंही नाही. फोटो खिडकीशी धरून म्हणाली, "पंख मोजत बसलास, नानांचे पाय बघितलेस का?"

नाना अनवाणी होते. धोतर पोटरीपर्यंत खोचलेलं, आणि पाठीमागे नेलेल्या हातातून चपलेचा एक अंगठा बाहेर डोकावत होता.