धुक्याआधीचा आंबोली घाट

पावसाळ्यात आंबोलीच्या वळणांवर ज्या रस्त्याचे सौंदर्य पाहून आपण थबकतो, तो रस्ता सौंदर्यासाठी बांधलेला नव्हता. तो होता लष्कराच्या सामानाचा आणि बैलगाड्यांचा.

थोडे मागे जाऊ. वेंगुर्ले हे जुने बंदर. सतराव्या शतकात तेथे डचांची वखार होती. 1812 मध्ये सावंतवाडी संस्थानाने ते इंग्रजांच्या हवाली केले. पुढे 1818 मध्ये बेळगाव पडले, तेथे छावणी उभी राहिली, आणि या छावणीला समुद्राशी जोडणारे सोयीचे बंदर म्हणजे वेंगुर्लेच. मधे उभा सह्याद्री.

आरंभी ही वाहतूक दक्षिणेकडच्या रामघाटातून चाले. परंतु तो घाट अतिशय खडा. भरलेली गाडी चढवताना बैलांचे काय होत असेल, याची कल्पनाच करावी.

त्यातच 1844-45 चे सावंतवाडीचे बंड झाले. आंबोलीच्या डोंगररांगेतील मनोहर-मनसंतोष गडांचा बंडवाल्यांनी आश्रय घेतला आणि ते मोडून काढण्यासाठी जेम्स औट्रमला फौज घेऊन या जंगलात उतरावे लागले. रस्ता नसलेला डोंगर सत्तेला किती महाग पडतो, हे त्या मोहिमेत दिसले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीवरून चढणारा, गाड्यांना झेपेल असा नवा घाट तयार झाला. तोच आजचा आंबोली घाट. त्याच्या माथ्यावर, सुमारे 690 मीटर उंचीवर, सावंतवाडीचा पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप याने थंड हवेचे ठाणे वसवले. म्हणजे आधी व्यापार आणि मग विसावा, असा हा क्रम आहे. (महाबळेश्वरची कथा नेमकी उलट: तेथे आधी हवा आवडली.)

मग 1888 साल उजाडले. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला आणि बेळगावचा माल लोंढ्यावरून थेट मुरगावला जाऊ लागला. वेंगुर्ल्याची पेठ ओसरली, घाटातील गाड्या विरळ झाल्या.

आंबोलीच्या ज्या शांततेचे आपण कौतुक करतो, तिच्यातील मोठा वाटा या ओहोटीचा आहे, असे मला वाटते. महाबळेश्वर-माथेरानसारखी गर्दी येथे दीर्घकाळ झालीच नाही. वर्षाला सुमारे सात मीटर पाऊस पिणारे जंगल त्यामुळे बरेचसे टिकले. हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात सापडलेली शिस्टुरा हिरण्यकेशी ही छोटीशी मासळी 2020 मध्ये शास्त्राला नवी ठरली, आणि 2021 मध्ये त्या स्थळाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आता पावसाळी रविवारी धबधब्यापाशी मोटारींची रांग लागते, तेव्हा मात्र या शांततेचे आयुष्य मोजायला हवे.

बेळगावकडून येणाऱ्यांनी एकदा धबधब्यापाशी न वळता घाट पूर्ण उतरावा आणि सावंतवाडीवरून वेंगुर्ल्याच्या बंदरापर्यंत जावे. रस्ता तेथे पोहोचण्यासाठीच काढला होता.