धाव, आरे आणि ओतीव आकडे

तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला मँगनीजचा खडा हातात घेतला की बोटं काळी होतात, आणि आकाराच्या मानाने तो भलताच जड लागतो. या खनिजाची कागदोपत्री नोंद जुनी आहे. एल. एल. फर्मोर या भूशास्त्रज्ञाने भारतातल्या मँगनीजवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९०९ मध्ये छापला, त्यात भंडारा जिल्ह्यातल्या खाणी आहेत. त्याच्याही आधी, १८९६ मध्ये, मध्य प्रांतात खनिज शोधण्यासाठी इंग्रजांची एक सिंडिकेट उभी राहिली होती. पुढे तीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली आणि १९६२ मध्ये तिच्या खाणी घेऊन आजची मॉइल ही कंपनी उभी राहिली. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा या खाणपट्ट्यातून जातो. मध्य प्रांतातल्या मँगनीजला समुद्र जवळ करून देणं हा विशाखापट्टणमचं बंदर बांधण्यामागचा एक मोठा हेतू होता. ते १९३३ मध्ये सुरू झालं.

दुसरा धागा इंग्लंडमधल्या शेफील्डचा. तिथे १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्डने पोलादात साधारण बारा टक्के मँगनीज घातलं आणि एक विलक्षण धातू हाती आला. त्यावर जितके घाव बसतील तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांची शिरस्त्राणं त्याचीच झाली, आणि पुढे रणगाड्यांच्या ओतीव साखळ्यांनाही तोच धातू मानवला. दगडधोंड्यांवर रात्रंदिवस आपटणाऱ्या कडीला आपटण्यानेच बळ मिळावं, यापेक्षा सोयीचं काय? त्याची आणखी एक खूण आहे: त्याला चुंबक चिकटत नाही. जुन्या साखळीची कडी साध्या ओतीव लोखंडाची की मँगनीज पोलादाची, हे खिशातलं लोहचुंबक सांगतं.

हे दोन धागे एकत्र बांधून, तुमसरच्या मँगनीजने अमुक रणगाड्याची साखळी ओतली, असं लिहायचा मोह मला होतो. तसं लिहू नये. भट्टीत गेलेल्या खनिजाचं गाव पुसलं जातं. जे पुसलं जात नाही ते सुट्या भागावर ओतलेलं असतं, आणि इतिहासाचं काम तिथून सुरू होतं.

महाराष्ट्रात हे सुटे भाग वाचण्याची जागा म्हणजे अहिल्यानगरचं, पूर्वीच्या अहमदनगरचं, रणगाडा संग्रहालय. चिलखती दलाच्या केंद्राने ते १९९४ मध्ये उभारलं. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी हा-गो आणि ची-हा असे दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे तिथे आहेत. व्हॅलेंटाइनसमोर उभं राहून फक्त चाकं पाहावीत. एका बाजूला तीन-तीन चाकांच्या दोन बोग्या, म्हणजे एकत्र बसवलेल्या चाकांचे दोन संच. प्रत्येकीचं बाहेरच्या टोकाचं चाक २४ इंची, आतली दोन साडेएकोणीस इंचांची. मोठं चाक हाताशी नाही म्हणून तिथे छोटं लावून चालत नाही.

अमेरिकन शर्मनची गोष्ट जास्त गुंतागुंतीची, म्हणून जास्त बोलकी. प्रत्येक बाजूला तीन बोग्या, बोगीला दोन चाकं, एकूण बारा. बोगी चिलखताला बाहेरून बोल्टने बसवलेली असते, त्यामुळे रणगाडा न उघडता उतरवता येते. चाक २० इंच व्यासाचं आणि ९ इंच रुंद. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, इथे धाव रबराची, धातूवर पक्की भाजलेली. काही चाकांना आरे आहेत, काहींना सपाट तबकडी. युद्धात कारखाने जसे बदलत गेले तशी ही रूपं बदलली, पण ती एकमेकांच्या जागी बसतात. स्टुअर्ट या हलक्या रणगाड्याचं चाकही २० इंचीच, रुंदी मात्र ६. जुन्या फोटोत बाजूने दोन्ही सारखीच भासतात. टेप लावला की वाद मिटतो.

मग कागद उघडायचे. अमेरिकन शस्त्रखात्याने सुट्या भागांच्या याद्या गटवार छापल्या होत्या: स्टुअर्टचा गट जी-१०३, शर्मन आणि त्याच्या आधीचा ली यांचा जी-१०४, चॅफी या हलक्या रणगाड्याचा जी-२००. भागावर उमटलेला आकडा म्हणजे आराखड्याचा क्रमांक, आणि त्याच्या आधीचं अक्षर आराखड्याच्या कागदाचा आकार सांगतं. डी-४७५२७ ही शर्मनची नंतरची, दणकट बोगी. तिच्यात साखळीचा वरचा पदर तोलणारी फिरकी मागच्या बाजूला हातावर बसवलेली असते. ली आणि सुरुवातीच्या शर्मनमध्ये ती बोगीच्या डोक्यावर मधोमध असे. घोळ होतो तो इथेच: ओतकामाचा आकडा आणि घासूनपुसून तयार झालेल्या भागाचा यादीतला आकडा बहुधा वेगळे असतात. ओतीव आकडा यादीत सापडला नाही म्हणून भाग परका ठरवणं ही घाई आहे.

बोग्यांमधलं अंतरही बोलतं. एम४ए४ या जातीत क्रायस्लरची पाच इंजिनं एकत्र जोडली होती, त्यासाठी धड लांब करावं लागलं. बोग्या एकमेकींपासून दूर गेल्या आणि साखळीच्या कड्या ७९ वरून ८३ झाल्या. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेक्टिलाकडे धडकलेल्या २५५ भारतीय रणगाडा ब्रिगेडचे शर्मन याच जातीचे. त्या ब्रिगेडमध्ये डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट होती.

हीच डेक्कन हॉर्स १९६५ च्या भारत-पाक युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभी ठाकली, तेव्हाही तिच्याकडे शर्मनच होते. मधली वीस वर्षं सरावात, दुरुस्तीत, धुळीत गेली. रबराची धाव एवढी टिकत नाही, म्हणजे लष्कराच्या कार्यशाळांनी चाकं बदलली असणारच, आणि हाताला येईल ते चाक बसवलं असणार. त्यामुळे आरेवाल्या अकरा चाकांत तबकडीचं एखादं दिसलं, तर ते काढून बारा सारखी करण्याची जीर्णोद्धारवाल्यांची घाई मला पटत नाही. कारखान्यातून निघालेला १९४३ चा रणगाडा आणि १९६५ मध्ये लढलेला रणगाडा, दोन्ही एकाच धडात आहेत. कोणता जपायचा हे आधी ठरवावं, मग पाना हातात घ्यावा.

रबर फाटलं असेल तर चाकाला नवी धाव चढवता येते. मूळ धातू तोच राहतो, त्यावरचे आकडेही. तडा गेला असेल तर बदलणं भाग आहे. त्याआधी फोटो काढावा, आकडे खडूने उजळून उतरवून घ्यावेत. उतरवलेलं चाक भंगारात जाऊ देऊ नये. त्याला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधावा आणि बिल्ल्यावर लिहावं: डावी बाजू, दुसरी बोगी, मागचं चाक.