तांबे, दमयंती

बॅडमिंटनमधील अर्जुन पुरस्काराच्या मानकरी आणि बेपत्ता सैनिकांच्या आप्तांच्या चळवळीतील एक अग्रणी. ज्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे डिसेंबर १९७१ च्या युद्धात सुखोई-७ विमानासह पाकिस्तानात शोरकोटनजीक पडले, आणि ढाक्याच्या एका वृत्तपत्राने पकडलेल्या वैमानिकांत ‘टॉम्बे’ हे नाव छापल्यामुळे ज्यांनी त्या एका ओळीच्या आधारे सरकारदरबारी अर्जविनंत्यांचा अखंड पाठपुरावा केला, त्या दमयंतीबाईंची चिकाटी खरोखर वंदनीय होय. भारताने अशा चोपन्न बेपत्ता जवान-अधिकाऱ्यांची यादी केली. पाकिस्तानने मात्र ते आपल्या कैदेत असल्याचे नाकारले. २००७ साली आप्तांचे शिष्टमंडळ तेथील तुरुंगांची दफ्तरे पाहून आले, परंतु बेपत्तांपैकी कोणाचीही भेट झाली नाही.