ताप उतरला, पण आजार गेला का?

घरातले एखादे पोर खेळ सोडून भरदुपारी अंथरुणावर पडले, की आई काय करते? हातातले काम टाकते, पदराला हात पुसते आणि पालथा हात त्याच्या कपाळावर ठेवते. "अंग कढत लागतंय गं बाई," असे तिच्या तोंडून निघते आणि घरादाराची धावपळ सुरू होते. कोणी काढा उकळत ठेवतो, कोणी गोधडी आणतो, कोणी मागच्या आजारातली उरलेली गोळी फडताळातून शोधून काढतो. रात्री घाम फुटून अंग गार पडले, की सगळे म्हणतात, "चला, सुटलो! ताप उतरला."

ताप उतरला हे खरे. पण आजार गेला का? प्रश्न साधा दिसतो, पण तो नीट विचारायला शिकण्यात माणसाची दोन हजारांवर वर्षे गेली आहेत. ती हकीकत आज थोडक्यात सांगणार आहे. हकीकत जुनी असली, तरी तिचा उपयोग आज रात्री आपल्याच घरात होण्यासारखा आहे.

आपल्या जुन्या वैद्यकात ज्वराचा मान सगळ्या रोगांत मोठा. चरकसंहितेत रोगांची कारणे सांगायला सुरुवात होते ती ज्वरापासूनच. दक्षाच्या यज्ञाच्या वेळी शंकराला जो क्रोध आला, त्यातून ज्वर जन्मला, अशी कथा तिथे आहे. पण नुसत्या कथेवर ते वैद्य थांबले नाहीत. रोज येणारा ताप, एक दिवस सोडून येणारा तो तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा तो चतुर्थक, असे भेद त्यांनी बारकाईने टिपून ठेवले. ग्रीस देशात हिपॉक्रेटिस आणि त्याच्या शिष्यांनीही हेच भेद नोंदवले आहेत. आपल्या खेड्यांतली म्हातारी माणसे 'एकांतरा' आणि 'तिजारी' म्हणतात, त्यांचे मूळही अशाच निरीक्षणात आहे.

निरीक्षण असे उत्तम होते. अडचण होती ती निराळीच. ताप हाच रोग, अशी सगळ्यांची समजूत होती. अंग तापले की झाला ज्वर. मग त्याचे कारण कोणी वात-पित्त-कफात शोधले, कोणी दूषित हवेत, कोणी देवीच्या कोपात. त्यामुळे नावांचाही गोंधळ झाला. 'विषमज्वर' हाच शब्द घ्या. जुन्या ग्रंथांत तो थांबून थांबून येणाऱ्या तापाला लावलेला आहे, आणि आज मराठीत आपण विषमज्वर म्हणतो तो टायफॉइडला, म्हणजे मुदतीच्या तापाला. कारण दिसत नसले की नावे अशी एका रोगावरून दुसऱ्या रोगावर जातात.

गंमत अशी, की कारण सापडण्याच्या कितीतरी आधी औषध सापडले. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या डोंगरांत सिंकोना नावाचे झाड होते. त्याच्या कडू सालीने थंडीताप थांबतो, ही बातमी सतराव्या शतकात युरोपात पोहोचली. 1820 साली पेलेतिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्या सालीतला गुणकारी भाग वेगळा काढला. तोच आपल्या ओळखीचा क्विनाइन किंवा कोयनेल. पुढे 1860 नंतर सिंकोनाची लागवड आपल्याकडे निलगिरीच्या डोंगरांत झाली, आणि बंगालमध्ये तर क्विनाइनच्या पुड्या टपाल कचेरीत एका पैशाला मिळू लागल्या.

या सालीने वैद्यांना विचारात पाडले. थंडी वाजून येणारा, पाळीचा ताप तिने थांबे. पण तीन-तीन आठवडे चढत राहणारा ताप तिला दाद देत नसे. सगळे ताप जर एकच, तर एकाला औषध लागू पडते आणि दुसऱ्याला का पडत नाही? म्हणजे वरून सारखे दिसणारे ताप आतून वेगळे असले पाहिजेत.

आता तापाच्या मापाकडे वळू. हाताने अंग पाहणे हा आईचा हक्कच आहे, पण हाताचा अंदाज म्हणजे माप नव्हे. चुलीपुढून उठलेल्या बाईच्या हाताला तापलेले पोरही गार लागते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत सॅन्क्टोरियस नावाच्या वैद्याने अंगाची उष्णता मोजण्याचे यंत्र करून पाहिले. पण ते घरोघर वापरण्याजोगे नव्हते. खरे काम केले ते जर्मनीतल्या लाइपझिग शहराच्या डॉक्टर वुंडरलिश यांनी. त्यांनी सुमारे 25,000 रोग्यांची उष्णता पुन्हा पुन्हा मोजून तक्ते भरले आणि 1868 साली ग्रंथ छापला. त्यांचे तापमापक फूटभर लांब होते, आणि पारा स्थिर व्हायला वीस मिनिटे लागत. इंग्लंडमध्ये ऑलबट या डॉक्टरांनी त्याच सुमारास सहा इंचांचा, पाच मिनिटांत काम करणारा तापमापक तयार केला.

निरोगी अंगाची उष्णता साधारण 98.6 अंश फॅरनहाइट धरावी, सकाळी ती थोडी कमी आणि संध्याकाळी थोडी जास्त असते, हे वुंडरलिश यांच्या तक्त्यांमुळे पक्के झाले. त्याहून मोठी गोष्ट अशी, की निरनिराळ्या रोगांत तापाची रेघ निरनिराळी उमटते हे लोकांना डोळ्यांनी दिसले. ताप हा रोग नसून रोगाची खूण आहे, हे वैद्यकाला पटले ते या तक्त्यांमुळे.

खूण कळली, पण खूण कोणाची? 1880 साली अल्जीरियात लव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात हलणारा जंतू दिसला. इटलीतल्या गॉल्जी यांनी पुढे दाखवले, की हे जंतू रक्ताच्या तांबड्या पेशींत वाढतात, ठरावीक काळाने सगळे एकदम पेशी फोडून बाहेर पडतात आणि नेमकी त्याच वेळी हुडहुडी भरते. एका जातीच्या जंतूला दोन दिवस लागतात, दुसऱ्या जातीला तीन. जुन्या वैद्यांनी टिपलेल्या तृतीयक-चतुर्थकाचा उलगडा असा झाला.

आणि हा जंतू अंगात शिरतो कसा? ते कोडे आपल्याच देशात सुटले. अल्मोड्यात जन्मलेले डॉक्टर रोनाल्ड रॉस सिकंदराबादला काम करीत होते. ऑगस्ट 1897 मधली गोष्ट. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला त्यांनी डासांकडून चावून घेतले आणि दर डासामागे एक आणा दिला. मग ते डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. उकाडा असह्य, पण पंखा चालवावा तर डास उडून जाणार! 20 ऑगस्टला एका डासाच्या जठराच्या भिंतीवर त्यांना हिवतापाच्या जंतूची वाढ दिसली. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर हे सगळे चक्र पूर्ण करून दाखवले, आणि त्याच वर्षी माणसाच्या बाबतीत तेच सिद्ध केले इटलीतल्या ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 1902 साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाच्या वाट्याला काही आणे आले, पण त्याचेही नाव या इतिहासात राहिले आहे.

कारण कळले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. मुंबईतच पाहा. 1911 साली डॉक्टर बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा तपास करून अहवाल दिला. त्यात दिसले, की हिवताप पसरवणारा डास गटारात नव्हे, तर घराघरांतल्या स्वच्छ पाण्याच्या विहिरींत वाढतो आहे. म्हणजे विहिरी बुजवा, नाही तर घट्ट झाका! पण विहीर ही अनेकांच्या पूजेची जागा. ती बुजवायची म्हटल्यावर लोकांची मने दुखावली आणि वाद झाले. तापाचे कारण रक्तात जसे असते, तसे ते अंगणातही असते, आणि अंगणातले काढणे पुष्कळदा जड जाते.

आता थोडे तापाच्या आतल्या कारभाराविषयी. आपल्या मेंदूच्या तळाशी एक जागा आहे, तिथे अंगाची उष्णता किती ठेवायची याची खूण ठरलेली असते. जंतू शिरले की शरीरच ती खूण वर सरकवते. समजा ती 103 वर गेली. अंग 99 वर असले, तरी ते त्या मानाने गारच. म्हणून थंडी वाजते आणि गोधडी हवीशी वाटते. खूण पुन्हा खाली आली की अंग जास्त तापलेले ठरते आणि घाम फुटतो. म्हणजे ताप हा शरीराने आपण होऊन केलेला बंदोबस्त आहे. 1975 साली अमेरिकेत क्लूगर या शास्त्रज्ञाने वाळवंटातल्या मोठ्या सरड्यांवर प्रयोग केला. जंतू टोचल्यावर ज्यांना उबदार जागी ठेवले ते बहुतेक जगले, आणि थंड जागी ठेवलेले बहुतेक मेले.

याचा अर्थ ताप अंगावर काढावा असा नाही. अर्थ इतकाच, की तापमापकावरच्या आकड्याशी भांडू नये; रोग्याकडे पाहावे. पोर पाणी पीत असेल, हाक मारल्यावर बघत असेल, मधूनच खेळत असेल, तर 101 ताप पाहून घाबरण्याचे कारण नाही. अंग दुखत असेल, झोप लागत नसेल, तर वजनाच्या मानाने पॅरासिटामॉल द्यावे. ते आराम पडण्यासाठी आहे, रोग बरा करण्यासाठी नव्हे. मोठ्यांच्या गोळीचे अंदाजाने तुकडे करून लहान मुलाला देऊ नयेत. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. पाणी, पेज, ताक, सरबत भरपूर द्यावे. उपाशी ठेवू नये आणि तापलेल्यावर गोधड्या रचू नयेत.

पण काही वेळा क्षणभरही थांबू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचे अंग 100.4 किंवा त्याहून वर गेले, तर लगेच दवाखाना गाठावा. मान ताठ होणे, धाप लागणे, झटका येणे, गुंगी, रक्तस्राव, अंगावर जांभळे डाग, लघवी कमी होणे, पाणीही पोटात न ठरणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. झटका आला तर मुलाला कुशीवर निजवावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. आणि ताप साधा वाटला, तरी तीन दिवसांवर गेला तर डॉक्टरांना दाखवावेच.

डेंगीच्या बाबतीत तर आपला सुरुवातीचा प्रश्न फारच खरा ठरतो. डेंगीत पुष्कळदा धोक्याचे दिवस सुरू होतात ते ताप उतरू लागल्यावर! घरचे म्हणतात "सुटलो", आणि त्याच वेळी पोटात जोराने दुखू लागते, उलट्या होतात, हिरड्यांतून रक्त येते. म्हणून डेंगीचा संशय असला की ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये आणि ताप गेल्यावरही दोन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

आणखी एक सांगतो. वैशाखात शेतात काम करणारा माणूस बरळू लागला, त्याचे अंग भाजत असले, तर तो ताप नव्हे, उष्माघात आहे. तिथे मेंदूतली खूण जागेवरच असते. शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही एवढेच. तापाची गोळी तिथे निरुपयोगी. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि ताबडतोब इस्पितळात न्यावे.

थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते आणि हिवतापाच्या गावांत पुष्कळदा आशाताईंजवळही तिचे साधन असते. हिवताप निघाला तर गोळ्या शेवटपर्यंत घ्याव्यात. त्याची एक जात यकृतात दडी मारून बसते. तिच्यासाठी चौदा दिवसांच्या गोळ्या देतात. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून त्या सोडल्या, तर काही आठवड्यांनी ताप पुन्हा दाराशी येतो.

देशाच्या बाबतीतही असेच झाले. स्वातंत्र्याच्या वेळी दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख त्यात दगावत, असा अंदाज होता. 1953 साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घरोघरी फवारणी झाली आणि 1965 पर्यंत रोग्यांची संख्या लाखाच्या आसपास आली. सगळ्यांना वाटले, उतरला ताप! लक्ष ढिले पडले, फवारणीला डास दाद देईनासे झाले, आणि 1976 साली रोग्यांची संख्या 64 लाखांवर गेली. उतरलेला ताप आणि गेलेला आजार यांतला फरक देशाला असा महागात पडला.

शिक्षकबंधू आणि भगिनींना एक विनंती आहे. शाळेच्या कपाटात एक तापमापक ठेवा. आजची साधी अंकांची नळी मिनिटभरात माप देते. मुलांना ती लावायला, वाचायला आणि वेळ घालून आकडा कागदावर लिहायला शिकवा. तो कागद डॉक्टरांच्या हाती पडला, की "रात्री फार ताप होता हो" यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो. आणि कपाळावरचा आईचा हात आहेच. तो काही कोणत्या यंत्राने हटायचा नाही. त्या हाताने तापाची पहिली वार्ता द्यावी, तापमापकाने ती मोजावी, आणि कारण सापडेपर्यंत "सुटलो" असे म्हणण्याची आपण घाई करू नये.