नांव न घेण्याचा रोग

आमच्या लहानपणीं आप्तांपैकीं कोणास कर्करोग झाल्याचें कळलें, म्हणजे वडील मंडळी आवाज खालीं आणून ‘त्यांना टाटाला नेलें आहे’ एवढेंच म्हणत. रोगाचें नांव उच्चारावयाचें नाहीं, म्हणून रुग्णालयाचें नांव पुढें करावयाचें, असा शिरस्ता होता.

वस्तुतः ह्या नांवांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. ग्रीक वैद्यांनीं ह्या गांठीस खेंकड्याचें नांव दिलें. तिच्या सभोंवारच्या फुगलेल्या शिरा खेंकड्याच्या पायांप्रमाणें दिसतात, असें गेलन सांगतो. लॅटिनांतील ‘कॅन्सर’ व आमचा ‘कर्क’ म्हणजे तोच प्राणी. सुश्रुतसंहितेंत अर्बुदाचें वर्णन आहे, आणि त्याचा अंश शेष राहिल्यास तें पुन्हां उद्भवतें, असा स्पष्ट इशाराही आहे. ज्यांच्या ग्रंथांत इतकी निर्भय चर्चा, त्यांच्याच वंशजांनीं कुजबुजावें, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

तें रुग्णालय परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, पुढील वर्षीं सर दोराबजीही गेले. त्यांच्या मागें राहिलेल्या विश्वस्तनिधीनें हें कार्य केलें. तेथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं निरनिराळ्या समाजांच्या चालीरीति व त्यांस होणारे कर्करोग यांचा संबंध तपासला, व तंबाखू चघळण्याच्या संवयीकडे बोट दाखविलें. म्हणजे ज्या पानाच्या तबकाभोंवतीं बसून आमचीं घरें त्या रोगाचें नांव टाळीत होतीं, त्या तबकांतच त्याचें एक कारण ठेवलेलें होतें! पुढें २००४ सालीं तर तज्ज्ञांनीं नुसत्या सुपारीसही दोषी ठरविलें.

लोकांस माहिती दिल्यास भीति वाढेल, असा आक्षेप नेहमींच निघतो. न्यूयॉर्क येथें १९१३ सालीं कर्करोगाविषयीं लोकांस सावध करणारी संस्था निघाली, व त्याच वर्षीं स्त्रियांच्या एका लोकप्रिय मासिकांत त्यावर उघड लेख आला. मुंबईस तशी संस्था, इंडियन कॅन्सर सोसायटी, डॉ. जस्सावाला व नवल टाटा यांनीं काढली ती १९५१ सालीं. आक्षेप अगदींच पोकळ नव्हे; भ्यालेला मनुष्य डॉक्टरांचें दार टाळून अंगारे-धुपाऱ्यांकडे वळतो. परंतु मौनानें तरी भीति कोठें कमी झाली?

आमच्या एका आत्याबाईंस घरच्यांनीं ‘साधी गांठ आहे’ असेंच अखेरपर्यंत सांगितलें. त्या गेल्यावर पोथीच्या बासनांत एक चिठी सांपडली. कोणता दागिना कोणास द्यावा, तें त्यांनीं स्वहस्तें लिहून ठेविलें होतें. चिठीवरील तारीख शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाची होती.