दोन कान, एक खोली

बँकेतल्या कारकुनाला पगार मिळतो, पण तो त्याचा नसतो. तो गृहकर्जाच्या हप्त्याचा, मुलीच्या फीचा आणि वाण्याचा असतो. वेतनकराराची थकबाकी मिळते तेव्हाची गोष्ट निराळी. थकबाकी म्हणजे आपलेच पैसे उशिरा मिळालेले, एवढं बी.कॉम. झालेल्या माणसाला कळायला हवं. कळतंही. तरी ते रस्त्यात सापडल्यासारखे वाटतात. अशाच एका सापडल्या दिवशी मी घरात जाहीर केलं, "आपण स्टीरिओ घेणार!"

"ठेवणार कुठे?" सौ.नं विचारलं. आमच्याकडे कुठल्याही वस्तूच्या किमतीआधी तिचा पत्ता विचारतात.

प्रश्न रास्त होता. डोंबिवलीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीचं माप दहा फूट बाय दहा फूट. त्यात एक दिवाण, एक कपाट, आईचं शिवणयंत्र, मुलीचं टेबल आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, पोस्टातून निवृत्त झालेले. रेडिओ ऐकायला लायसन लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत, त्या काळात अण्णा त्याच खिडकीवर बसत. त्यामुळे गाणं फुकट ऐकणाऱ्या माणसाकडे ते अजून जरा संशयानंच पाहतात. खिडकीजवळच्या खुर्चीत ते इतकी वर्षं बसताहेत, की रंगारी आला तर त्यांच्या कडेकडेनं रंग देईल. खुर्चीच्या डाव्या अंगाला एक फळी. फळीवर आधी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, मग ट्रान्झिस्टर, मग टू-इन-वन. यंत्रं बदलली, पण फळीची बाजू बदलली नाही आणि अण्णांची तिरकी मानही बदलली नाही. ही तिरकी मान म्हणजे रसिकाची ऐट, अशी माझी लहानपणापासूनची समजूत.

रविवारी लॅमिंग्टन रोड गाठला. पहिल्याच दुकानात माझी गाठ वॅटशी पडली. १९९० च्या सुमाराला खोक्यांवर '१००० वॅट पी.एम.पी.ओ.' असं ठसठशीत छापलेलं असे, ते तुम्हालाही आठवत असेल. हे पी.एम.पी.ओ. मोजायची ठरलेली रीतच नव्हती. प्रत्येक कारखानदार आपापल्या फूटपट्टीनं मोजायचा. खरा आकडा आर.एम.एस.चा. पी.एम.पी.ओ. म्हणजे लग्नाच्या बैठकीत सांगितलेला पगार आणि आर.एम.एस. म्हणजे कापाकापी होऊन हातात पडणारा! शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो तो फक्त तीन डेसिबल. दुप्पट मोठा वाटायला वॅट दसपट लागतात. व्याजाचा इतका वाईट दर आमच्या बचत खात्यालासुद्धा नाही. दहा बाय दहाच्या खोलीला पंधरा-वीस खरे वॅट पुरून उरतात.

"साहेब, मोठा घ्या. खाली वेगळं बेसचं खोकं येतं, भिंती हलतात," दुकानदार म्हणाला. भिंती अजून फिटायच्या आहेत, हे मी त्याला सांगितलं नाही. खरी गोम पुढेच आहे. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला ५६ कंपनांच्या आसपासचा खर्ज सापडला, की तो तिथेच घुमत राहतो. खोली चौकोनी असली तर लांबीचा आणि रुंदीचा सूर एकच होतो आणि ती दोन्ही बाजूंनी घुमते. आपण गाणं लावायचं आणि खोलीनं साथीला बसायचं! म्हणजे लहान खोलीला लहान स्पीकरच बरा, तोही कोपऱ्यापासून लांब ठेवलेला.

मी रिकाम्या हातानं परतलो आणि आठवडाभर वाचत बसलो. अर्जदाराचा पूर्वेतिहास तपासल्याशिवाय आम्ही कर्ज देत नाही, तिथे थकबाकी कशी देणार?

पहिला अर्जदार म्हणजे ॲलन ब्लूमलाइन. आपल्याकडे ज्यांच्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या घरोघर वाजल्या, ती ग्रामोफोन कंपनी १९३१ साली दुसरीत विलीन होऊन ई.एम.आय. झाली. ब्लूमलाइन तिथला अभियंता. असं सांगतात, की एकदा तो बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. पडद्यावरचा नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून येतोय, हे त्याला खटकलं. आपण अशा वेळी फार तर शेंगा खातो. त्यानं डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटचा अर्ज केला. वय २८, अर्जात सत्तर दावे. एकाच तबकडीच्या एकाच खाचेत दोन आवाज कोरण्याची युक्तीही त्यात होती. 'स्टीरिओ' हा शब्द तो वापरत नसे. तो म्हणे 'बायनॉरल', म्हणजे दोन कानांचं. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला पोचायला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागांत मोजावा एवढा उशीर होतो, फार तर सहा-सात भाग. तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. एवढ्या उशिराची नोंद आमच्या बँकेचं हजेरीयंत्रही घेत नाही!

१९४२ च्या जूनमध्ये रडारची चाचणी घेताना विमान कोसळून ब्लूमलाइन गेला. वय अवघं ३८. स्टीरिओ तबकड्या दुकानांत आल्या १९५८ साली.

दुसरा अर्जदार अमेरिकेतला एडगर विल्चर. चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढं खोकं हवं, असा तेव्हाचा हिशेब. विल्चरनं खोकं लहान केलं, हवाबंद केलं आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं कामाला लावलं. १९५४ साली निघालेला त्याचा स्पीकर पुस्तकांच्या फळीवर मावे. लहान खोलीतल्या माणसानं सकाळी उठून ज्याचं नाव घ्यावं, असा हा गृहस्थ.

या दोघांना स्मरून नऊ हजारांत स्पीकरची जोडी आणली. ॲम्प्लिफायर पोटातच, गाणी फोनवरून. मांडणीचा नियमही पाठ केला होता. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण हवा, स्पीकर कानाच्या उंचीला हवेत. पाच फुटांचा त्रिकोण आखला, तर तिसरं टोक खोलीच्या मधोमध आलं. त्रिकोणाच्या टोकाला माणूस मावतो एकच. तो मान आमच्या घरात अण्णांचा. खुर्चीसकट त्यांना हलवलं.

"अण्णा, आता सांगा. हा आवाज कुठून आला?" मी डावा स्पीकर वाजवला.

"डावीकडून."

"आणि हा?" मी उजवा वाजवला.

"डावीकडून."

"अण्णा, नीट ऐका."

"नीटच ऐकतोय. यंत्र बिघडलंय तुझं. बदलून आण."

मी तारा तपासल्या, पुन्हा वाजवलं. पुन्हा डावीकडून. मग अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "यंत्राला काही झालेलं नाही रे. उजव्या कानाचं खातं बंद आहे. आठव्या वर्षी गालगुंड झालं, तेव्हापासून."

"मग पोस्टात घेतलं कसं तुम्हाला?"

"डॉक्टरनं मनगटावरचं घड्याळ कानाशी धरलं आणि विचारलं, टिकटिक ऐकू येते का? डाव्या बाजूला खरं सांगितलं. उजव्या बाजूलाही हो म्हणालो. घरात खाणारी तोंडं सात. म्हटलं, घड्याळ चालूच असणार की!"

नंतर पुरी नोकरी त्यांनी डावा कान जाळीकडे करून काढली. कुणी कळवेल, चौकशी होईल, या धास्तीनं कधी तोंडातून शब्द काढला नाही. निवृत्तीनंतर सांगायचं राहून गेलं. आणि मी तिकडे ऐट बघत होतो.

"आई, तुला ठाऊक होतं?"

आईनं यंत्रावरची मान वर न करता म्हटलं, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणून तर मी नेहमी यांच्या डावीकडून चालते."

अण्णांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवा गेलेलाच होता, पण डावाही अलीकडे थकत चालला होता. तिथे श्रवणयंत्राची माहिती घेताना पुन्हा विल्चर भेटला! १९६७ साली स्पीकरची कंपनी विकून हा माणूस बहिरेपणाच्या मागे लागला होता. जुनी यंत्रं सगळेच आवाज सारखे वाढवत. त्यामुळे बोलणं कळत नसे आणि ताट पडलं की कान फाटे. आवाजाचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात हळू आवाज जास्त उचलायचा आणि मोठा कमी, ही रीत त्यानं १९७३ साली छापून टाकली. पेटंट घेतलंच नाही. सत्तर दाव्यांचा अर्ज करणारा थोर खराच, पण हा एकही दावा न करणारा मला जास्त जवळचा वाटला. उरलेली थकबाकी डाव्या कानात गेली.

फोनमध्ये 'मोनो' नावाची एक सोय असते. ती सुरू केली, की दोन्ही स्पीकर एकच बोलतात. अण्णांचं त्यात काहीच बुडालं नाही. बालगंधर्वांच्या तबकड्या आणि १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीनं लावलेलं 'गीतरामायण' मुळात एकाच वाटेनं आलेलं. ते कुठेही बसून ऐकावं. खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली. यंत्र घातल्यावर अण्णा पहिलं वाक्य बोलले, "आवाज कमी कर, शेजारी झोपले असतील."

त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकावर आता आईचं शिवणयंत्र आहे. घरातली ऐकायची सगळ्यांत उत्तम जागा तिला मिळाली आहे. ती म्हणते, "यंत्राच्या खडखडीत मेलं काही ऐकूच येत नाही!"